दुसरी व्यवस्था

५ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांचं चुकलंय! एकाचं नाही, दोघांचं नाही — अख्ख्या गठ्ठ्याचं!

मागच्या इमारतीतल्या मुलांचे पेपर आज तपासायला मिळाले. पहिलाच प्रश्न मध्यकाचा. संख्याशास्त्रात याहून सोपं काही नसतं. सात आकडे दिलेले असतात. आधी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे, मग मधला उचलायचा. झाला मध्यक! आणि या पोरांनी ओळीत लावलेच नाहीत. प्रश्नपत्रिकेत जसे होते तसेच ठेवले आणि डोळे मिटून चौथा उचलला. पहिल्या पेपरला मी हसले. पाचव्याला चष्मा पुसला. पुढे पुढे तर लाल पेन खाली ठेवलं आणि उठून पाणी प्यायले.

कॉपी म्हणावी तर प्रत्येकाची वाक्यं वेगळी. म्हणजे त्यांना शिकवलंच असं असणार. कोण आहे ही बाई?

सत्र सुरू झालं तेव्हा मागच्या इमारतीतले माझे दहा तास काढून घेतले. आठवड्याचे चौदा होते, राहिले चार. कारण? कार्यालयातून एवढाच निरोप — 'तिकडे दुसरी व्यवस्था झाली आहे.' मी मनाशी धरलं, नुकती एमए झालेली कोणी मुलगी असेल, माझ्यापेक्षा कमी दरात मिळाली असेल. बोलून उपयोग नव्हता. आम्ही तासवाले. घेतला तास तर पैसे, नाही तर घरी बसा. वर्षाला नवा करार, आणि करारात 'हक्क सांगता येणार नाही' हे वाक्य तीनदा. तेव्हा गप्प बसले आणि मंगळवार-गुरुवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला खाजगी शिकवणी धरली. आठवीच्या पोरांना अपूर्णांक! डॉक्टरेट मिळवून अपूर्णांक! आणि जिला आकडे ओळीत लावता येत नाहीत ती माझ्या दहा तासांवर बसली आहे. तळपायाची आग मस्तकात गेली.

आणखी एक. तिघा-चौघांनी उत्तराखाली लिहिलंय — 'उदा. आजोबांची साखर.' ते उदाहरण तर माझं! बाबांची साखर मी रोज मोजायचे, तेच आकडे वर्गात वापरायचे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ते उदाहरण तोंडातून काढलेलं नाही. बाईने माझ्या जुन्या नोट्सही उचललेल्या दिसतात. निर्लज्ज कुठली!


७ फेब्रुवारी, बुधवार

हेडक्लार्कना गाठलं. म्हटलं, मागच्या इमारतीत संख्याशास्त्र कोण शिकवतं? त्यांनी वर न बघता विचारलं, 'का हो मॅडम?' म्हटलं, पात्रता काय तिची, ते सांगा.

'पात्रता पूर्ण आहे. एमए, पीएचडी, पात्रता परीक्षा. सगळं.'

मी चाटच पडले. पीएचडी? 'आणि अनुभव?'

'तुमच्याइतकाच धरा.'

'आणि तासाचे किती देता?'

आता त्यांनी वर बघितलं. 'काही घेत नाहीत त्या.'

फुकट! पीएचडी झालेली बाई फुकट शिकवते! तशीच खाली आले. जिन्याखाली आम्हा तासवाल्यांची खोली आहे — म्हणजे खोली म्हणायचं, एरवी झाडू-बादल्यांची जागा. तिथे इतिहासवाली डबा खात बसली होती. ती माझ्यासारखीच तासावरची, माझ्याहून दोन वर्षं जुनी, आणि जिभेला हाड नाही. तिला सांगितलं. घास तसाच धरून म्हणाली, 'फुकट? मग बड्या घरची असणार गं. घरी करमत नसेल. अशाच बायका आपल्या पोटावर पाय देतात!'

मला तिचं तोंड बघायचंय. एकदाच. फक्त एवढंच विचारायचंय की बाई, तुला झोप कशी लागते?


१० फेब्रुवारी, शनिवार

घरी राहिले. आईने कपाट आवरायला काढलं आणि निम्म्यात सोडून दिलं. नेहमीचंच.

पण एक चांगलं आहे. सत्र सुरू झाल्यापासून आई आपणहून बाहेर पडते. बाबा गेल्यावर वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं तिने. डॉक्टर ओरडून थकले — चाला, चाला. मी ओरडून थकले. भिंतीशी बोलणं आणि आईशी बोलणं सारखंच झालं होतं. आता मंगळवारी आणि गुरुवारी, मी शिकवणीला गेले की, केस नीट विंचरून, ती हिरवी छत्री घेऊन निघते. कुठे जातेस विचारलं तर म्हणते, 'फिरायला. तूच म्हणत होतीस ना?' येते ती भूक लागलेली! मागे एकदा, शिकवणी धरण्याआधी, मी चष्मा घरी विसरले, तर भर उन्हात कॉलेजात द्यायला आली, भलत्याच इमारतीत शिरली आणि तासभर हरवली. वेंधळी आहे. तरी तेव्हापासूनच तिला बाहेर पडायची सवय लागली असं वाटतं.

छत्रीची एक काडी मोडली आहे, ती तिने दोऱ्याने बांधली आहे. नवी आणते म्हटलं तर नको म्हणाली.


१४ फेब्रुवारी, बुधवार

जेवण बाजूला ठेवून हे लिहितेय.

दुपारी पटांगणातून चालले होते. मागच्या इमारतीतली मुलं पायऱ्यांवर बसली होती. मी ओळखत नाही त्यांना, ती मला ओळखत नाहीत — म्हणजे असं मला वाटत होतं. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. सगळी माझ्याकडे टकामका बघायला लागली. आणि मी पुढे गेल्यावर मागून एक आवाज, म्हाताऱ्याचा काढलेला, खर्जातला —

'प्राध्यापिकाबाई, चहा गार होतोय!'

आणि हशा.

मी जागच्या जागी थिजले. मला 'प्राध्यापिकाबाई' म्हणणारा जगात एकच माणूस होता. घरात, दाराआडून, याच सुरात. बाहेर कधीच नाही! वीस वर्षं तासावर शिकवणाऱ्या मुलीला ते गमतीने म्हणायचे, आणि गमतीतही त्यांना ते खरंच वाटायचं.

मागे वळले, तर मुलं पसार. या पोरांना कसं माहीत? कोणी सांगितलं? इतिहासवालीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. ती बाई! ती बाबांना ओळखते की काय?

उद्या शिकवणीला दांडी. उद्या मागच्या इमारतीत जाते. सोक्षमोक्ष लावल्याशिवाय परत येणार नाही.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

ती बाई मी आहे.


१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल एवढंच लिहून वही मिटली. आज नीट लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

मागच्या इमारतीचा पहिला मजला. खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, आत अंधार. दाराबाहेर पोचायच्या आतच आवाज ऐकू आला. बाईचा. 'हं, तर आज आपण मध्यक बघू या.' मनात म्हटलं, आवाज ओळखीचा आहे, कोण बरं? अजून दोन पावलं टाकली आणि पायाखालची जमीनच सरकली. माझा आवाज! माझा स्वतःचा! मी बाहेर उभी आणि मी आत शिकवतेय!

फटीतून पडदा दिसला. पडद्यावर मी, उजळणीला पुन्हा लावलेली. मागे आमच्या घराची भिंत, मोडक्या काट्याचं घड्याळ. साथीच्या वर्षात आम्हाला हुकूम होता — घरून शिकवा, प्रत्येक तास रेकॉर्ड करा आणि कॉलेजच्या खात्यात चढवा, तरच पैसे मिळतील. चढवले. एकतीस तास. मग विसरून गेले. कॉलेज विसरलं नाही.

पडद्यावरची मी बाबांच्या साखरेचे आकडे लिहीत होते. एकशेबेचाळीस, एकशेऐंशी, एकशेएकतीस, दोनशेदहा... आणि तेवढ्यात त्या व्हिडिओतल्या आतल्या खोलीतून बाबा — बाबा! — 'दोनशेदहा? कोणाची? माझी नव्हे! मी काही गोड खाल्लं नव्हतं!' पडद्यावरची मी खळखळून हसले. हसता हसता तंद्री गेली, आकडे ओळीत लावायचे राहिले, आणि मी दोनशेदहाभोवती गोल काढला. 'हा आपला मध्यक!'

तीच चूक. त्या गठ्ठ्यातली. दुसऱ्या दिवशी मी मुलांना फोनवर एकत्र घेऊन सांगितलं होतं — काल मी घोळ घातला, पुन्हा लिहून घ्या. त्याचं रेकॉर्डिंग नव्हतं.

आतून बाबा पुन्हा म्हणाले, 'प्राध्यापिकाबाई, चहा गार होतोय!' आणि त्या अंधारात अख्खा वर्ग, एका सुरात, त्यांच्याबरोबर म्हणाला. पाठ झालंय पोरांना! मग ते खोकले. तो खोकला. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. आत कोण बसलंय, कोण नाही, काही बघितलं नाही. तोंडावर हात धरून जिना उतरले. कशी उतरले देव जाणे.

घरी आले तर आई नव्हती, फिरायला गेली होती. माझ्यानंतर आली. 'डोळे का गं लाल?' म्हणाली. म्हटलं, ऊन. 'माझेही झालेत बघ,' म्हणाली. 'फारच ऊन आहे.'

तिला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. कशीबशी सावरली आहे ती.


१७ फेब्रुवारी, शनिवार

दहा दिवस मी जिला शिव्या घातल्या ती मीच. 'पात्रता पूर्ण आहे. अनुभव तुमच्याइतकाच धरा. काही घेत नाहीत त्या.' हेडक्लार्क एक शब्द खोटं बोलले नाहीत!


१९ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यांकडे गेले. माझा आवाज चढणार नाही अशी शपथ घेऊन गेले होते. पाच मिनिटं टिकली.

'बसा मॅडम. व्हिडिओ कॉलेजच्या खात्यात आहेत, म्हणजे कॉलेजचे झाले.'

'पण सर, शिकवते मी!'

'तेच तर! म्हणून वेळापत्रकावर तुमचंच नाव ठेवलंय. वर्गाला पात्र शिक्षक लागतो. तुम्ही पात्र आहात.'

माझे डोळे पांढरे झाले. फळ्यावरच्या वेळापत्रकात माझ्या नावाने चौदा तास होते, ते मी सत्रभर बघत होते. मला वाटायचं, जुना कागद कोणी काढला नाही. तो जुना नव्हता! कागदोपत्री मी चौदा तास शिकवते. पगार चार तासांचा.

'मग त्या दहा तासांचे पैसे?'

'ते तेव्हा मिळाले ना तुम्हाला? एका तासाचे दोनदा कसे देणार? हिशेबाची बाई आहात तुम्ही.'

'आणि वर्गात कोण असतं?'

'प्रोजेक्टरवाले असतात ना. दिवा लावतात, बंद करतात. त्याला पात्रतेची अट नाही.'

मी म्हटलं, दरवर्षी मला मूळ प्रमाणपत्रं घेऊन रांगेत उभं करता. वीस वर्षं तीच प्रमाणपत्रं! दरवर्षी विचारता, पीएचडी खरी ना? त्या व्हिडिओला कोणी विचारलं?

ते हसले. वाईट माणूस नाही तो, हेच जास्त लागतं. म्हणाले, 'तुम्ही माणूस आहात मॅडम. माणसाची पात्रता तपासावीच लागते.'

बाहेर आले तेव्हा कानातून वाफा निघत होत्या. इतिहासवालीला सगळं सांगितलं. तिने हातातली पोळी खाली ठेवली. मग म्हणाली, 'तुझी जागा घ्यायला निदान तूच लागलीस. मान आहे त्यात. माझ्या एका वर्गाची तर अडगळ केली, जुने पंखे ठेवलेत.' दोघीही हसलो. हसताना मला रडू आलं आणि तिने डब्यातला शेवटचा घास माझ्यापुढे सरकवला.


२१ फेब्रुवारी, बुधवार

या सत्राअखेर करार संपतो. चार तासांवर पुढचा करार देत नाहीत, पगाराचे किमान दहा लागतात — नियमच आहे. म्हणजे चार महिन्यांनी मी संपले! आणि मागच्या इमारतीत मी चालूच राहणार. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. न म्हातारी होता, न आजारी पडता, ते दोनशेदहा गोलात घालत.

शिकवणीवर घर चालत नाही. आईची औषधंच केवढ्याची! हे तास मला परत हवेत. दुसरं काही नको.


२२ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं!!

पेपर माझ्याकडेच आहेत. चूक माझ्याकडेच आहे.


२३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा प्राचार्य. या वेळी गठ्ठा काखेत.

म्हटलं, सर, तुमच्या मागच्या इमारतीत सत्रभर चुकीचं शिकवलं जातंय. हे पुरावे. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. त्यांनी एका मुलाला उभं करून मध्यक विचारला, तर?

त्यांनी चार पेपर चाळले. चेहरा उतरला. 'पण हे तुम्हीच शिकवलंय!'

'हो. मीच चुकले. लिहून देते. सही करून देते. संख्याशास्त्राच्या डॉक्टरने मध्यक चुकवला असं मोठ्या अक्षरात देते.'

'म्हणजे तुम्ही स्वतःला अपात्र ठरवताय?'

कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, 'मी नाही. व्हिडिओ अपात्र आहे. मी दुसऱ्याच दिवशी चूक कबूल केली आणि दुरुस्त केली. तो तीच चूक दर वर्षी करणार. सर, शिकवणं म्हणजे बरोबर बोलणं नाही हो, चुकलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात परत येणं!'

त्यांनी पेपर पुन्हा गठ्ठ्यात सरळ लावले. मग म्हणाले, आक्षेप लिहून द्या. सगळ्याच व्हिडिओंवर द्या, उगाच एक ठेवला एक काढला नको. समिती यायच्या आत सगळे काढून टाकतो. आणि तास? 'घ्या तुमचे तास. वेळापत्रक तर बदलायचं नाहीच, नाव तुमचंच आहे.'

लिहिलं. सही केली. एकतीसच्या एकतीस.

माझे तास परत मिळाले! जिन्यावर इतिहासवालीने मला मिठी मारली, भर कॉलेजात. म्हणाली, 'स्वतःलाच हरवलंस गं बाई!'


२६ फेब्रुवारी, सोमवार

प्रोजेक्टरवाल्यांकडे जाऊन आले. पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, सत्रभर मला चालू-बंद करणारा हाच माणूस. ओशाळले होते. 'मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.' मग म्हणाले, 'पुसायच्या आधी पेनड्राइव्हवर घालून देऊ? प्राचार्यांना कळायचं नाही. तुमचे वडील आहेत ना त्यात? जवळजवळ प्रत्येक तासात आहेत. कधी खोकतात, कधी चहाला हाका मारतात.'

एक क्षण हात पुढे गेला माझा. खोटं कशाला लिहू, गेला.

मग म्हटलं, नको. मला ऐकवणार नाही. त्या दिवशी दाराबाहेर अर्धा मिनिट ऐकलं तर दोन दिवस जेवले नाही.

'घरी कोणाला? आईंना?'

'आईला तर मुळीच नको!' जवळजवळ ओरडलेच मी. वर्षभर आई भिंतीकडे बघत बसली होती. आता कुठे बाहेर पडायला लागली आहे, दोन घास खाते आहे. तिच्या हाती हा आवाज लागला तर दिवसभर तेच घेऊन बसेल. मग कोण सावरणार तिला? म्हटलं, पुसून टाका. माझ्यासमोर पुसा.

त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एकेक करून पुसले. मी शेवटपर्यंत उभी राहिले. बरोबर केलं. कठीण होतं, पण बरोबर केलं.


२७ फेब्रुवारी, मंगळवार

शिकवणीला रामराम ठोकला आणि मागच्या इमारतीत पहिला तास घेतला.

दिवे लावले, पडदा गुंडाळला. मुलं एकेक करून आत येत होती आणि दारातच थबकत होती. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, 'अरे, खऱ्या आहेत!' मी म्हटलं, हो, हात लावून बघ. वर्ग फुटला हसून. पडद्यावर मी जरा उंच वाटायचे म्हणे.

आधी चूक सांगितली. फळ्यावर तेच सात आकडे लिहिले, दोन वर्षांनी. लिहिताना खडू तुटला. ओळीत लावले. मधला एकशेपंचावन्न. 'म्हणजे दोनशेदहा नाही?' पुढच्या बाकावरची मुलगी. नाही, दोनशेदहा तर सगळ्यात वरचा आकडा. पेपर पुन्हा घेईन म्हटलं, त्या गठ्ठ्यातले मार्क कोणाचे कापणार नाही. टाळ्या!

मग त्याच मुलीने हात वर केला. 'मॅडम, आजोबांची साखर आता किती असते?'

सगळा वर्ग पुढे वाकला. खरंच ऐकायचं होतं त्यांना. सत्रभर आठवड्यातून दोनदा भेटत होते ते बाबांना, माझ्यापेक्षा जास्त.

म्हटलं, 'आता नाही वाढत.'

'बरं झालं,' ती म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, गोड सोडलं असेल. मी फळा पुसायला वळले आणि बराच वेळ पुसत राहिले.

पण शिकवलं! घसा बसला, पाय दुखताहेत, बोटांना खडू लागलाय. आठवड्याला पुन्हा चौदा तास. मी आहे.


२९ फेब्रुवारी, गुरुवार

आई आज फिरायला गेली नाही. मंगळवारी गेली होती, पण लगेच परत आली होती म्हणे. गुडघा दुखतो म्हणाली.


७ मार्च, गुरुवार

आज सलग तिसऱ्यांदा गेली नाही. मी चिडलेच. म्हटलं, जरा चांगली सवय लागली होती, तीही सोडलीस! डॉक्टरांना काय सांगू? 'बघू पुढे,' म्हणाली. अर्धी पोळी पानात टाकली. कपाट अजून तसंच अर्धं आवरलेलं आहे.

तासांचं सांगितलं तेव्हा मात्र तोंडभरून आनंदली होती. निदान तेवढं तरी.


१२ मार्च, मंगळवार

तास संपवून निघाले तर प्रोजेक्टरवाले जिन्यात थांबले होते. 'आई बऱ्या आहेत ना, मॅडम? हल्ली येत नाहीत.'

'कुठे?'

'इथे. मंगळवारी, गुरुवारी. शेवटच्या बाकावर बसायच्या, हिरवी छत्री मांडीवर ठेवून. सत्राच्या सुरुवातीला तुमचा चष्मा द्यायला आल्या, चुकून या इमारतीत, आणि दारातच खिळल्या. मग मला म्हणाल्या, बसू का मी? तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. आता व्हिडिओच नाहीत, म्हणून बोललो. त्या दिवशीही आल्या होत्या — तुम्ही पहिल्यांदा शिकवलंत तेव्हा. दारातून बघितलं आणि गेल्या.'

घरी आले. छत्री खुंटीला होती. आई गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून एक शेंग उचलली. तिनेच विचारलं, 'सगळे तास मिळाले ना गं तुला? सगळे?'

म्हटलं, हो.

'मग झालं,' म्हणाली.